पोट काढलेल्या चिलखताचं मनोगत

मी चिलखत बोलतोय. खरं तर व्याकरणाप्रमाणे मी 'बोलतंय' असं म्हणायला हवं. तो टोप, ती तलवार, ते चिलखत. पण 'मी बोलतंय' म्हटलं की तुम्ही मला तान्हं बाळ समजून खुळखुळा वाजवाल, म्हणून आपलं चारचौघांसारखं 'बोलतोय' म्हणतो. ही लिंगाची भानगड मात्र लक्षात असू द्या. माझ्या आयुष्यातला सगळा गोंधळ तिच्यापायीच झाला.

मी लोखंडाचा नाही. भट्टी, घण, ऐरण यांच्याशी माझी ओळख नाही. संगणकाला जोडून चित्र काढायच्या एका काळ्या पाटीवर मी जन्मलो आणि संगणकावरच्या एका खेळात राहायला गेलो. राक्षस, उडते घोडे, मंत्रतंत्र, पेटलेले किल्ले असा तो खेळ. त्यातल्या सेनापतीच्या अंगावरचं चिलखत म्हणजे मी. खेळणाऱ्याने सुरुवातीला निवडायचं, सेनापती बाई हवी की बाप्या. फौज तीच, शत्रू तेच आणि चिलखतही एकच. निदान ठरलं तरी तसंच होतं.

मला काढणारी बाई त्या खेळाच्या कंपनीत चित्रकार आहे. एक रेघ ओढते आणि चार पुसते, म्हणून ऑफिसात सगळे तिला खोडरबर म्हणतात. मीही तेच म्हणतो, कारण दुसऱ्या नावाने तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. ती आणि तिची आत्या, अशा दोघीच तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहतात. भिंतीवर आत्याची पदकं इतकी आहेत की भिंतीला रंग कुठला दिलाय ते सांगता येत नाही.

आत्या तरुणपणी गोळा फेकायची, मग मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची, आता निवृत्त आहे. रुंद खांदे, भरलेले दंड, कानापर्यंत कापलेले पिकले केस. सरावात मैत्रिणीचं कोपर लागून नाक डावीकडे वळलेलं. आणि पुढे छान गोल ढेरी, जिचा तिला तिळमात्र संकोच नाही. नुसत्या दंडाने फेकलेला गोळा आपल्याच पायावर पडतो, त्याला पोटाचं वजन मागे लागतं, असं ती येईल त्याला ऐकवते. तयार कपड्यांच्या दुकानात मात्र तिचे हाल होतात. बायकांच्या विभागात खांदे अडकतात, पुरुषांच्या विभागात छाती. जन्मभर तिने एक तर आखडून घातलंय, नाहीतर ढगळ.

सेनापतीचं काम हातात आलं तशी खोडरबरने आत्याला स्वयंपाकघरात उभं केलं. छातीवर मोठ्या पातेल्याचं झाकण, पाठीवर चहाचा ट्रे, दंडांना पुठ्ठे, आणि हे सगळं कपडे वाळत घालायच्या दोरीने करकचून बांधलेलं. आत्या हातात झाडू घेऊन ओट्यावर चाल करून गेली. दोघी हसून हसून बेजार झाल्या. मग आत्या वाकली आणि झाकण पोटात रुतलं, तशी ती गंभीर झाली.

“मला यात वाकून बुटाची नाडी बांधता आली पाहिजे,” ती म्हणाली. “नाहीतर लढाई राहील बाजूला, मी आपल्याच नाडीत अडकून तोंडावर पडायची.”

म्हणून खोडरबरने माझ्या पोटावर एकच पत्रा न ठेवता एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या काढल्या. ढेरीला प्रशस्त जागा ठेवली, खांद्याला मोकळीक दिली, गुडघ्यांना वाट्या बसवल्या, वर चेहरा झाकणारा टोप चढवला. काय दिसत होतो मी! स्वतःची स्तुती स्वतः करू नये, पण करायला दुसरं कुणी नसलं की माणसंही करतात.

“आत्या, ही सेनापती म्हणजे तू,” खोडरबर म्हणाली. “पोटासकट, नाकासकट. शब्द दिला.”

आत्याने पाठ फिरवली आणि उगाच चहाचं आधण ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आपल्या मापाचं होतंय, एवढंच ती म्हणाली. मग तिने फोन हातात घेतला आणि आपल्या गोळाफेकीच्या एकूण एक मैत्रिणींना ही बातमी देऊन टाकली.

दोन दिवसांनी जोडारी कॅमेरा घेऊन घरी आला. जोडारी म्हणजे चित्रं आणि हालचाल एकत्र जोडून आम्हाला खेळात उभं करणारा माणूस. हासुद्धा पोटाने सुखी. त्याने आत्याला जिन्यासमोरच्या व्हरांड्यात चालायला लावलं. ती पाय रोवत, पोट पुढे काढून, मैदान मोजायला निघाल्यासारखी चालली आणि शेवटी न सांगता वाकून तिने बुटाची नाडी घट्ट केली. जोडारी म्हणाला, हेपण घेतो. रिकामा उभा असताना सेनापती नाडी बांधेल.

इथपर्यंत माझं बालपण सुखाचं गेलं. मग मला बैठकीला नेलं.

बैठकीत साहेब होते आणि विक्रीवाला होता. विक्रीवाल्याने मला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, खूप कौतुक केलं आणि म्हणाला, बाकी झकास आहे, फक्त बाईच्या अंगावर जरा आकर्षक करा. वाचकहो, 'जरा' हा शब्द दिसायला किती गरीब. त्या दिवशी पहिल्या 'जरा'ला माझ्या पोटावरच्या पट्ट्या गेल्या. पुढच्या बैठकीत जरा पाय दिसू द्या म्हणाले, मांड्यांचे पत्रे गेले. मग जरा मोकळं वाटू द्या, बाह्या गेल्या. मग जरा नाजूक, आणि माझ्या भरभक्कम छातीच्या पत्र्याच्या दोन वाट्या झाल्या. गुडघ्याला वाट्या असतात हे मला ठाऊक होतं, ही बढती नवीन होती. शेवटी माझ्याकडे त्या दोन वाट्या, कमरेला एक साखळी आणि उंच टाचांचे बूट एवढाच ऐवज उरला. खेळात माझ्या नावासमोर 'संरक्षण नव्वद' असं लिहिलेलं असतं, शंभरापैकी. ते तसंच ठेवलं. मला विचाराल तर मी तिचा सर्दीपासूनही बचाव केला नसता.

बाप्याच्या अंगावर मात्र मी अख्खा राहिलो. आत्याच्या मापाचा तो पहिला नमुना सगळ्यांना दमदार वाटला म्हणून जसाच्या तसा बाप्याला देऊन टाकला, टोपासकट आणि आत्याच्या चालीसकट. बाईला कंबर लचकवत चालायची नवी चाल आणली. उभी राहिली की एक कुल्ला इकडे, एक खांदा तिकडे. आत्याने पाहिलं असतं तर तिची पाठ कुठल्या डॉक्टरला दाखवली हे आधी विचारलं असतं.

बिचारी सेनापती बाई! पट्ट्या गेल्या त्या दिवशी पोटही गेलं. मग नाक सरळ झालं, केस काळे झाले, सुरकुत्या पुसल्या आणि विशीतली एक पोरगी ओठ किंचित उघडे ठेवून समोर बघायला लागली. जोडारीने नकाशा पाहावा तसं तिच्या कमरेकडे पाहिलं आणि हिचं जठर कुठे ठेवायचं असं प्रामाणिकपणे विचारलं.

हे फक्त आमच्यापुरतं नव्हतं हं. खेळात राक्षस आहेत, त्यांना सुळे, कुबड, पाठीवर शेवाळ, एकाला तर तीन नाकं. राक्षसिणी मात्र सगळ्या एका चेहऱ्याच्या, फक्त कुणाला शिंगं, कुणाला शेपटी. सरडेमाणसांची एक जमात आहे. त्यांच्या बायकांनाही विक्रीवाल्याने जरा आकर्षक करून भरघोस छाती दिली. सरडे अंडी घालतात, पिल्लांना दूध पाजत नाहीत, हे जोडारीने हळूच सांगून पाहिलं. आणि बाप्यांचंही फार बरं चाललं होतं अशातला भाग नाही. सेनापती बाप्याचे खांदे इतके वाढवत नेले की त्यावर डोकं म्हणजे कपाटावर विसरलेलं लिंबू. आमच्यासारखं पोट असलेला एकही चांगला माणूस यात नाही, पोट असलं की तो लोभी सावकार तरी असतो नाहीतर विनोदी आचारी, असं जोडारी एकदा माझ्याकडे बघत पुटपुटला. मला त्याची दया आली.

खोडरबर भांडली का? पहिल्या दोन बैठकांत भांडली. तिसरीत साहेब म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाकडे देऊ. दुसऱ्याकडे गेलं तर आत्याचं नखही उरणार नाही, म्हणून ती गप्प बसली आणि पुसत राहिली. घरी मात्र तिची पंचाईत व्हायची. आत्या रोज दार उघडताना विचारायची.

“माझं पोट काढलंस का गं?”

“काढलं,” खोडरबर म्हणायची.

“आणि नाक? नीट काढलंस ना?”

“तेही काढलं.”

बघा, एक अक्षर खोटं नाही. आपल्या भाषेत चित्रही काढतात आणि कपडेही काढतात. आत्याला जे ऐकायचं होतं ते ती ऐकत होती आणि खोडरबर तोंड धुवायच्या निमित्ताने आत पळत होती. मी तिच्या पिशवीतल्या पाटीत पडल्या पडल्या हे ऐकायचो आणि मला घाम फुटायचा, म्हणजे फुटला असता.

मग खेळ लोकांना पहिल्यांदा दाखवायचा दिवस ठरला. मोठं सभागृह, मोठा पडदा, यायला कुणालाही मोकळीक. आत्याने मैत्रिणींसकट पहिली रांग धरायचं जाहीर केलं. खोडरबरची झोप उडाली. आणि त्या धांदलीतच तिच्या हातून ती चूक झाली, जिच्यामुळे मी आज तुमच्याशी बोलतोय.

माझी दोन्ही रूपं आपापल्या चालीसकट जोडारीकडे पाठवायची होती. कातरलेलं रूप पाठवताना तिने नावाच्या जागी लिहिलं 'बा'. म्हणजे बाई. मग अख्खं रूप पाठवताना लिहिलं 'बा'. म्हणजे बाप्या. एका कप्प्यात एका नावाच्या दोन वस्तू संगणक ठेवू देत नाही, त्याने मुकाट्याने दुसरीचं 'बा १' करून टाकलं. जोडारीने दोन्ही 'बा' पाहिले आणि डोकं खाजवलं, उघडून बघायला वेळ नव्हता. फोन केला तर खोडरबरचा फोन बंद. मग त्याने विचार केला की खेळात पहिला पर्याय नेहमी बाप्याचा असतो, म्हणजे नुसता 'बा' हा बाप्या आणि 'बा १' ही बाई. विचार चुकीचा म्हणता येणार नाही, जग असंच चालतं. त्याने यंत्राला कामाला लावलं. यंत्र चिलखताच्या मापाने अंग आपोआप आवळतं किंवा फुगवतं. पुढे कुणी उघडून पाहिलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने पाहिलं असेल.

सभागृह भरलं. पहिल्या रांगेत आत्या आणि तिच्या मैत्रिणी, त्यांच्या खांद्यांमुळे मागच्या रांगेला मान वाकडी करून बसावं लागत होतं. खोडरबर मंचाच्या कडेला पाटी छातीशी धरून उभी, चेहरा पांढराफटक. साहेब बोलले, विक्रीवाला बोलला. आमचा सेनापती बघा, असं म्हणून त्याने कळ दाबली.

धुरातून बाप्या बाहेर आला. डोक्यापेक्षा तिप्पट खांदे, छातीवर केसांचं जंगल आणि त्या जंगलावर माझ्या दोन वाट्या. कमरेला साखळी. उंच टाचा. तो कंबर लचकवत पुढे आला, एक कुल्ला इकडे, एक खांदा तिकडे, थांबला, दाढीतले ओठ किंचित उघडले आणि खांद्यावरून मागे वळून बघितलं. त्याच्या शेजारी अक्षरं उमटली, संरक्षण नव्वद.

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळं छप्पर उडालं. लोक खुर्च्यांवरून घसरले. एका बाईंचा चष्मा पडला तो शेजारच्याने हसता हसता तुडवला. मी त्या बाप्याच्या छातीवर जीव मुठीत धरून लटकत होतो आणि खरं सांगतो, मलाही हसू आवरत नव्हतं. विक्रीवाला घाईघाईने पुढची कळ दाबायला गेला आणि त्याने बाईला बोलावलं.

हसणं थांबलं. धुरातून मी आलो, अख्खा. पोटाच्या पट्ट्या सळसळत, खांदे भरलेले, गुडघ्यांना वाट्या, चेहऱ्यावर टोप. पाय रोवत, पोट पुढे काढून चालत आलो, थांबलो, कुणी काही न सांगता वाकलो आणि बुटाची नाडी घट्ट केली.

“अगं, ही तू आहेस,” एक मैत्रीण आत्याला म्हणाली. सबंध सभागृहाला ऐकू गेलं.

आत्या उभी राहिली. दोन्ही हात तोंडावर. मैत्रिणींनी शिट्ट्या मारल्या, अशा शिट्ट्या की खेळाच्या मैदानावर पळणारे थांबतील. लोकांना एवढंच कळलं की पडद्यावरची आणि रांगेतली एकच आहे, आणि ते टाळ्या वाजवायला लागले. साहेबांनी कपाळ पुसलं, टाळ्या ऐकल्या आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला. हा आमचा मुद्दाम केलेला प्रयोग होता, ते म्हणाले. साहेब लोक कसे साहेब होतात ते मला त्या क्षणी कळलं.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं. पण आत्या पुढे आली आणि तिने हौसेने सांगितलं, टोप काढा ना, तोंड बघू दे माझं.

खोडरबरने डोळे मिटले. आत्याला घरी काय सांगितलंय याची जोडारीला काय कल्पना, त्याने यंत्रावरून टोप काढला. त्या दणदणीत देहावर विशीतली ती पोरगी, सरळ नाक, काळेभोर केस, ओठ किंचित उघडे.

“ही कोण?” आत्याने विचारलं.

आत्याचा चेहरा पडला तसा मला माझ्या सगळ्या पट्ट्या जड झाल्या. खोडरबर मंचावरून खाली उतरली आणि आत्यासमोर उभी राहिली. तिला रडू फुटलं होतं.

“तू विचारायचीस पोट काढलंस का, नाक काढलंस का,” ती म्हणाली. “काढलंच होतं आत्या. सगळं काढून टाकलं होतं.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. तिला त्या शब्दातली गोम कळायला थोडा वेळ लागला. आणि मग ती ढेरी हलेपर्यंत हसली, डोळ्यांत पाणी असताना हसली.

“मग आता काढ,” ती म्हणाली. “मी इथेच उभी आहे.”

साहेब काहीतरी बोलायला गेले, पण मुद्दाम केलेला प्रयोग मध्येच कसा थांबवणार? खोडरबरने पाटी पडद्याला जोडली. आत्या मंचावर दिव्याखाली उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्या पडद्यावर रेघा उमटायला लागल्या. पिकले केस आले. कपाळाच्या आठ्या आल्या. नाक डावीकडे वळलं, तेव्हा ज्या मैत्रिणीच्या कोपराने ते वळवलं होतं ती ओरडली की अजून थोडं वळव, मी जोरात मारलं होतं. खोडरबरने त्या दिवशी एकही रेघ पुसली नाही. चेहरा पुरा झाला तशी ती मैत्रीण खाली बसत म्हणाली, “देखणी आहे गं.” आणि ती थट्टा करत नव्हती.

त्याला आता बरेच दिवस झाले. खेळ बाजारात आहे, मी बरा आहे. बाई असो की बाप्या, दोघांच्या अंगावर माझं वजन सारखंच असतं. ते वाट्यांचं रूपही आहे, कुणावर सक्ती नाही, ज्याला हौस असेल त्याने कुठल्याही अंगावर चढवावं. विक्रीवाला सांगतो की ते बाप्यांच्या अंगावरच जास्त खपतं. जोडारीने स्वतःच्या पोटाचा एक राजपुत्र बनवून घेतला आणि तो रोज त्याच्याकडे बघून केस नीट करतो. सरडेबायकांची छाती उतरवली, आता त्या निवांत अंड्यांवर बसतात. आत्याला खेळ खेळता येत नाही. ती फक्त सेनापतीला मैदानात नेऊन उभी करते आणि वाट बघते. थोड्या वेळाने सेनापती वाकून नाडी बांधते. आत्या म्हणते, वा, आणि चहा ठेवायला उठते.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या हातात पाटी आणि लेखणी आली आणि कुणी शेजारून 'जरा' म्हणालं, तर आधी त्या अंगाला विचारा की तुला नाडी बांधता येते का. आणि मला त्याचा किंवा तिचा करू नका. तो टोप, ती तलवार, पण मी कुणाच्याही मापाने बसणारं, पोटाला जागा ठेवणारं, वाकू देणारं. आता खुशाल खुळखुळा वाजवा. मी चिलखत बोलतंय.